दह्यातल्या जिवाणूची बढती

आमच्या ऑफिसात कुणाचं पोट बिघडलं की दुसरा कुणीतरी प्रोबायोटिकची कॅप्सूल सुचवतोच. अवेळी जेवण, रात्रीचे कॉल, दिवसभर खुर्ची. गॅस आणि पोटफुगी मलाही नवी नाही. पण जिवंत जिवाणू गिळून पोट सुधारायची ही कल्पना आली कुठून?

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून. तिथले इल्या मेचनिकॉव्ह यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. म्हातारपणाचं कोडंही त्यांना सोडवायचं होतं. मोठ्या आतड्यात अन्न कुजून विष तयार होतं आणि माणूस लवकर थकतो, असं त्यांचं मत. मग कुजवणाऱ्या जिवाणूंना हटवायला आंबवणारे जिवाणू पाठवायचे! स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाला १९०५मध्ये तिकडच्या दह्यात असा जिवाणू सापडला होता, आणि बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी म्हणून प्रसिद्ध होते. मेचनिकॉव्ह स्वतः आंबवलेलं दूध पिऊ लागले. त्या जिवाणूच्या गोळ्याही बाजारात आल्या.

१९२१मध्ये अमेरिकेत रेटगर आणि चेपलिन यांनी दाखवलं की तो जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. पाया गेला, दुकान मात्र चालू राहिलं.

याच काळातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. पहिल्या महायुद्धात सोबतचे सैनिक जुलाबाने आजारी पडले, एक मात्र ठणठणीत राहिला. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ल यांनी १९१७मध्ये त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक स्ट्रेन वेगळा केला. पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. आजार पुन्हा उफाळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या मेसालाझिन या नेहमीच्या औषधाइतकाच तो उपयोगी ठरला. त्याच ई. कोलायचे दुसरे काही स्ट्रेन मात्र भयंकर जुलाब घडवतात.

आमच्या कामात लायब्ररीचं नाव बरोबर पण व्हर्जन चुकलं तर प्रोग्रॅम चालत नाही. इथेही तसंच आहे. एका स्ट्रेनने एका आजारात दिलेला गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२०मध्ये सांगितलं, की आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधन-चाचणीतच वापरावं.

पाकिटावरचे अब्जावधीचे आकडे नंतर बघू. आधी दोन प्रश्न: स्ट्रेन कोणता, आणि तो नेमक्या माझ्याच तक्रारीवर तपासलाय का?