पिंजऱ्यांतील सरडगुहिरा

रंग बदलणाऱ्या माणसास आपण सरड्याची उपमा देतों, आणि ती दिली म्हणजे त्या प्राण्याविषयीं जाणण्यासारखें सर्व जाणलें असें मानून मोकळे होतों. ज्याला ती उपमा अधिक शोभते तो कुंपणावरचा सरडा नव्हे, तर फांदीस धरून अगदीं सावकाश चालणारा, एक डोळा पुढें व दुसरा मागें फिरविणारा सरडगुहिरा होय. विद्वानांनीं त्याला दोन हजार वर्षांपासून न्याहाळलें. परंतु त्याची मादी अंडीं कशी घालते इकडे त्यांचें लक्ष फार उशिरां गेलें.

ॲरिस्टॉटलनें त्याच्या अंतरंगाचेंही वर्णन लिहिलें. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें तो अन्नपाण्यावांचून केवळ हवेवर जगतो असें सांगितलें, आणि ही कथा युरोपांत सतराव्या शतकापर्यंत सुखानें नांदली. इ. स. १६४६ त टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्यानें तिचें खंडन केलें. पुढें पॅरिस येथें क्लोद पेरो यानें इ. स. १६६९ त सरडगुहिऱ्याचें शारीरवर्णन छापलें. तीनच वर्षांनीं कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी हिच्या घरीं अलेक्झांड्रियाहून सरडगुहिरे आले. पेरोच्या हातीं सुरी होती; या बाईच्या ठायीं माया होती. तिनें त्यांना नांवें दिलीं, जिवापाड सांभाळलें आणि १६८८ त त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पेरोचीं मतें तिला पटलेलीं नव्हतीं. आम्हांला या बाईविषयीं आदर वाटतो. तरी मायेला जें सहसा सुचत नाहीं तें म्हणजे पिंजऱ्याच्या तळाशीं हातभर ओली माती घालणें, आणि मादीला नेमकी तीच हवी असते.

सरडगुहिऱ्याच्या कांहीं आफ्रिकी जाती पिलांनाच जन्म देतात. पण बहुतेक जाती अंडीं घालणाऱ्या. हल्लीं हौशी लोक फार पाळतात ती येमेन व सौदी अरबस्तानांतील, डोक्यावर उंच तुरा असलेली जात घेऊं. नर मादीपुढें अंग चपटें करून, पट्टे उजळून मान हलवितो. मादी राजी असेल तर फिकट हिरवी राहते. गर्भ राहिल्यावर मात्र ती गडद होते, अंगावर पिवळे व निळसर ठिपके उमटतात, आणि नर जवळ आल्यास ती तोंड वासून फुत्कारते. ज्या रंगाला आपण लबाडी म्हणतों तो येथें स्वच्छ नकार असतो!

सुमारें तीन-चार आठवड्यांनीं ती अन्न सोडते, खालीं उतरते आणि अस्वस्थपणें तळ उकरूं लागते. मनाजोगी ओल सांपडेपर्यंत एक-दोन बिळें अर्धवट टाकूनही देते. मग भुयार खणून आंत वळते, कित्येक डझन अंडीं घालते, माती लोटून तोंड बुजविते, पायांनीं दाबते आणि निघून जाते. पुन्हां तिकडे फिरकत नाहीं. तळाला लाकूड किंवा जाळी असेल तर ती अंडीं पोटांत धरून ठेवते, आणि त्यानेंच पुष्कळदां मरते. नर नसला तरीही हें संकट टळत नाहीं, कारण कोंबडीप्रमाणें तीही निर्जीव अंडीं धरते. भरपूर खाऊं घातलें तर अंडीं वाढतात व आयुष्य घटतें. म्हणून जाणते पाळणारे तिला आतां मोजकें खाणें देतात.

आपल्याकडच्या जातीविषयीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९१२ सालीं ट्रेंच यांचीं टिपणें आलीं होतीं. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा प्राणी परवानगीवांचून घरीं ठेवण्यास मनाई झाली, आणि तें बरें झालें असें आमचें मत आहे.

त्या अरबी जातीचीं अंडीं फुटावयास सहा ते नऊ महिने लागतात, म्हणजे पाळणाऱ्याच्या धीराचीही कसोटीच. मादागास्कर बेटांतील एका जातीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. तिचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तींतील जीव आठ-नऊ महिने अंड्यांत असतो, आणि बाहेर आल्यावर चार-पांच महिन्यांतच वाढून, वीण करून मरतो. कोरड्या ऋतूंत त्या रानांत तिचा एकही प्राणी फांदीवर दिसत नाहीं. सगळी जात अंड्यांच्या रूपानें मातीखालीं असते.