स्पर्शाचा हक्क आणि विज्ञान

वल्ह्याने होडी लोटणारे आणि पहारेने दगड उलथणारे हात तरफेचा नियम रोज वापरतात. काशीदच्या किनाऱ्यावरही वापरतात. पण त्याच हातांच्या लेकरांना शाळेत तो नियम घोकावा लागतो. भिंग, चुंबक, तराजू मात्र कपाटात कुलूपबंद!

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावर सांगितलेला तो स्पर्शाचा हक्क ज्ञानाच्या साधनांवर कोणी सांगायचा?

१९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेअंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत केंद्राने साध्या साहित्याचे प्रयोग नेले. पुढे १९८०च्या दशकात वि. गो. कुलकर्णी व सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. पुस्तकी भाषेचा अडसर दूर करताच हीच मुले शालान्त परीक्षेत पुढे आली. उणीव बुद्धीची नव्हती, संधीची होती.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीत प्रयोग न्यावा आणि तो प्रत्येकाच्या हाती द्यावा. दुरून दर्शन ही देवळाची रीत. विज्ञानाची रीत स्पर्शाची आहे.