खानदेशी डोंगरगीते

खानदेशच्या उत्तरेला सातपुडा आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा. या दोन्ही डोंगरपट्ट्यांत राहणाऱ्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची इत्यादी समाजांची विधिगीते, नृत्यगीते आणि कथागीते म्हणजे खानदेशी डोंगरगीते. तापीखोऱ्याच्या सपाटीवरील अहिराणी स्त्रीगीते त्यांच्या शेजारची आहेत; डोंगरगीतांत ती गणली जात नसली तरी त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एका आधारस्वराला धरून मोजक्या स्वरांत फिरणारी चाल हे या गीतांचे मुख्य लक्षण होय.

प्रदेश : धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई–आग्रा रस्त्यावर सोनगीर आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. गावाचा किल्ला ठेंगण्या टेकडीवर आहे, त्यामुळे सोनगीर डोंगरातले गाव म्हणता येत नाही. मात्र गीतांच्या दृष्टीने त्याची जागा मोक्याची आहे. येथून उत्तरेला नरडाणा, शिरपूर ओलांडले की रस्ता सातपुड्यात शिरतो. पश्चिमेला साक्री, पिंपळनेर आणि पुढे बागलाणात साल्हेर (१,५६७ मी.), मांगी-तुंगीचा मुलूख लागतो. वायव्येला तोरणमाळ आणि अक्राणीचा प्रदेश आहे. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तो मोडतो.

स्वरधर्म : पाश्चात्त्य संगीतशास्त्रात ज्याला ‘मोड’ म्हणतात त्यात स्वरांची उभी जुळणी नसते. एक स्थिर षड्ज, ठरावीक स्वरांचा संच, विसाव्याचा स्वर आणि पुन्हापुन्हा येणारी वळणे यांवर सारी चाल उभी राहते. आपल्याकडच्या थाटांशी या मोडचे स्वरसंच जुळवता येतात : डोरियन काफीशी, मिक्सोलिडियन खमाजाशी, फ्रिजियन भैरवीशी. डोंगरगीतांना मात्र हे माप तोकडे पडते. बऱ्याच चाली तीन ते पाच स्वरांत पुऱ्या होतात. समजा एखादी चाल सा, रे, म, प एवढ्यावरच थांबली. तिच्यात गंधारही नाही आणि निषादही नाही. मग ती काफीची की खमाजाची हे ठरवणार कशावरून? सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलीस यांच्यासह अमेरिकेच्या ॲपलेचियन डोंगरांत इंग्रजी वळणाची गाणी टिपत होते, तेव्हा त्यांच्यापुढे अशाच गाळलेल्या स्वरांच्या चाली आल्या. त्यांना सात स्वरांत कोंबण्याऐवजी शार्प यांनी पंचस्वरी चालींची स्वतंत्र वर्गवारी केली.

भारतीय शास्त्रानेही हा प्रश्न फार पूर्वी पाहिला होता. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या संगीतग्रंथात चार किंवा त्याहून कमी स्वरांच्या गायनाला मार्गसंगीतात स्थान नाही; ते शबर, पुलिंद, किरात अशा लोकांचे गायन म्हणून बाजूला काढलेले आहे. ही सीमा मतंगाने आखली म्हणून त्या पलीकडे काही आहे, हे निदान नोंदले तरी गेले. मात्र पुढच्या अभ्यासकांनी तीच सीमा कमी-जास्तपणाची खूण मानली. या गीतांना ‘रागाची कच्ची सामग्री’ म्हणण्याची सवय तिथूनच आली, आणि ती सोडल्याखेरीज ही गीते नीट ऐकू येत नाहीत. संगीत-अभ्यासक अशोक रानडे यांनी आदिम संगीत ही लोकसंगीताहून निराळी कोटी मानली, ती यासाठी महत्त्वाची आहे.

डोंगऱ्या देव आणि पावरी : साक्री, बागलाण, कळवण, सुरगाणा आणि पलीकडे गुजरातेतील डांग या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. व्रत धरणाऱ्यांना ‘मावल्या’ म्हणतात. ते घर सोडून राहतात, नियम पाळतात आणि ‘खळी’वर, म्हणजे विधीसाठी साफ केलेल्या मोकळ्या जागी, रात्री फेर धरतात. पौर्णिमेला डोंगरावरच्या देवस्थानाशी उत्सवाची सांगता होते. या सगळ्याला सूर पुरवतो तो पावरकर.

त्याची पावरी वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला बैलाचे शिंग अशी असते. कित्येकदा तिला मोरपिसे लावलेली असतात. भोपळ्यात भरलेली हवा नळ्यांतील जिव्ह्या थरथरवते. पावरकर नाकाने श्वास घेत गालातली हवा पुढे ढकलत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. दोन्ही नळ्या एकाच फुंकेवर बोलतात, म्हणून चालीखाली आधाराचा गुंजारव कायम राहतो. शास्त्रीय गायक जे काम तानपुऱ्याकडून घेतो ते इथे वाद्याच्या घडणीतच बसवलेले आहे. नळीवरची भोके कानाच्या आणि बोटांच्या अंदाजाने पाडलेली असतात. पेटीच्या पट्ट्यांशी ती जुळत नाहीत, आणि जुळावीत अशी अपेक्षाही चुकीची आहे. गंधार कोमल व शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो आणि रात्रभर तिथेच लागतो. त्याला बेसूर म्हणणाऱ्याने ती चाल एका बैठकीत पुरी ऐकलेली नसते.

थाळीवरची कथा : कोकणा कथेकऱ्यांचे साधन याहूनही साधे आहे. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक सरळ काडी उभी चिकटवतात. कथेकरी ती चिमटीत धरून वरून खाली ओढत राहतो. थाळी घुमते आणि तो अखंड घुमारा कथेचा षड्ज होतो. धान्याची देवता कनसरी हिची कथा, रामकथा अशा लांब कथा या घुमाऱ्यावर गातात. गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवर आवाज चालतो : दोन-तीन स्वरांत ओळ सरकते, शेवटाला आधारस्वरावर उतरते, आणि साथीदार तोच शेवट उचलून धरतो. सोनगीरसारख्या भांड्यांच्या गावातल्या माणसाला धातू कसा घुमतो हे निराळे सांगावे लागत नाही. त्याच धातूवर रामकथा उभी राहते, हे मात्र आवर्जून सांगायला हवे.

सातपुडा : पावरा आणि भिल्ल गीतांचा मोठा हंगाम होळीचा. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात. काठी येथील राजवाडी होळी सर्वदूर ठाऊक आहे. मोठे ढोल, मांदळ, बासरी आणि कमरेला दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप असे सजलेले नर्तक या सोहळ्यात असतात. स्त्रिया हातात हात गुंफून रांगेने गातात. एक रांग ओळ टाकते, दुसरी उचलते. सगळ्याजणी एकच चाल गात असल्या तरी प्रत्येकीची घसीट थोडी पुढेमागे पडते आणि त्यातून चालीला एक जाडी येते. लिपिबद्ध स्वरलेखनात ही जाडी नाहीशी होते.

सपाटीवरची गीते : श्रावणातील कानबाईची गाणी आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गाणी अहिराणीत आहेत. त्यांचाही स्वरविस्तार आटोपशीर आहे. फरक वाद्यांचा आहे : येथे धरलेल्या सुराचे वाद्य सहसा नसते, म्हणून गाणाऱ्यांचा समूहच आधारस्वर सांभाळतो. वहीगायन या खानदेशी गायनप्रकारात डफासारखी तालवाद्ये येतात आणि चाल अधिक ठोकळेबाज होते.

शोध व संकलन : ग्रियरसन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात भिल्ली बोली व खानदेशी यांचे नमुने आहेत; लक्ष अर्थातच भाषेवर आहे. चालींकडे वळणाऱ्यांत वॉल्टर कॉफमन यांचे नाव घ्यावे लागते. १९३४ पासून मुंबईत राहिलेल्या या संगीतज्ञाने गोंड व बैगा गीतांवर १९४१ मध्ये लेख प्रसिद्ध केला. पुण्याहून गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरांतून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यांच्या चालींचे ध्वनिमुद्रणही झाले. खानदेशच्या बाजूला सुधीर देवरे यांनी डोंगऱ्या देवावर आणि अहिराणी लोकपरंपरेवर लिहिले. बडोद्याच्या भाषा संशोधन केंद्राच्या ‘ढोल’ या नियतकालिकाची अहिराणी आवृत्ती त्यांनी संपादित केली. डाह्याभाई वाढू यांनी कोकणा रामकथा संकलित केली.

शब्दांचे काम असे बरेच झाले. चालींचे काम त्या मानाने फार थोडे आहे. छापील संग्रहात गाणे कवितेसारखे दिसते, आणि वाचणारा त्याला ओळखीची चाल लावून मोकळा होतो. नोंद करणाऱ्याने आधारस्वर कोणता, तो कोणत्या वाद्याने धरला, गाणे कोणत्या तिथीला व कोणत्या प्रहरी झाले, ओळ कुठे विसावते, एवढे तरी लिहावे. डोंगऱ्या देवाचे गाणे वैशाखात पैसे देऊन गाऊन घेतले तर ते मिळते, पण ते गाणे नसते. मार्गशीर्षाची वाट पाहणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

रागाशी नाते : सोनगीरवरून जाणारा आग्रा रस्ता सेंधवा, इंदूर करत देवासला पोहोचतो. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे तिथे राहायला गेले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, पुढे ती जमवली, आणि त्या धुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी असे धुनउगम राग उभे केले. त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ मध्ये आला. धुनेतून राग निघतो हे त्यांनी गाऊन सिद्ध केले. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरच्या चालींना असा कान लाभलेला नाही. तो लाभावा असे वाटते. पण राग निघाला नाही म्हणून चालीचे मोल उणे होत नाही, हेही तितकेच ठामपणे म्हणायला हवे.

सद्यःस्थिती : सरदार सरोवर धरणामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, अनेक कुटुंबे तळोदा, शहादा भागातील वसाहतींत आली. डोंगरातली खळी, नदीकाठचा देव आणि गाणे यांची सांगड तिथे नव्याने घालावी लागली. लग्नांत आता बँड आणि टिमली या नाचगाण्याचा जोर आहे. कीबोर्डवर पावरीचा आवाज काढताना वादक पिच वाकवणारे चाक सतत फिरवतो, कारण कारखान्यात ठरवलेले बारा स्वर त्याच्या कानाला पुरत नाहीत. जुना गंधार अशा रीतीने विजेच्या वाद्यातही शोधला जातो, आणि त्या वादकांचे ध्वनिमुद्रण पावरकराच्या ध्वनिमुद्रणाइतकेच जपण्याजोगे आहे.