१६१ पटाची शाळा

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, आग्नेयेकडच्या शेतीच्या मुलखात मायलन नावाचं गाव आहे. स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच, पण गावकऱ्यांच्या तोंडी ते मायलन. १९५४ साली इथली वस्ती जेमतेम साडेअकराशे होती. गावच्या सरकारी हायस्कूलचा पट १६१, त्यात मुलगे ७३. त्या ७३ जणांतल्या पोरांनी २० मार्च १९५४ला राज्याचं बास्केटबॉल विजेतेपद जिंकलं. इंडियानात त्या सामन्याच्या आठवणी आजही निघतात.

बास्केटबॉल १८९१मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला आणि दोन-तीन वर्षांतच इंडियानात आला. तिथे तो रुजला त्याला कारण आहे. फुटबॉलला अकरा दणकट मुलं लागतात. इथे पाच पुरतात. शिवाय खेळ हिवाळ्यातला, शेतं मोकळी असतानाचा. मग गावोगावी क्रीडागृहं उभी राहिली. काही गावांत तर सगळा गाव आत बसला तरी खुर्च्या उरत.

१९११पासून राज्यस्पर्धा सुरू झाली, आणि तिचा एक नियम मोलाचा होता. कुस्तीत जोड लावताना वजन बघतात, इथे पट बघत नसत. १९५४मध्ये ७५१ शाळा एकाच स्पर्धेत उतरल्या. खेड्यातली शाळा थेट शहराच्या शाळेला भिडायची. एकदा हरलं की घरी.

मायलनची गाठ अंतिम फेरीत पडली मन्सी सेंट्रलशी. चार वेळची विजेती शाळा, मायलनच्या दहापट पटाची, उंचापुऱ्या खेळाडूंची. सामना इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये होता आणि सुमारे पंधरा हजार प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते. मायलनचे प्रशिक्षक मार्विन वूड अवघे २६ वर्षांचे. धावाधाव केली तर उंच पोरं आपल्याला चिरडतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चौथ्या सत्रात मायलन २६-२८ असं मागे पडलं. आणि तेव्हा बॉबी प्लम्पने चेंडू हातात धरला नि तो उभाच राहिला! एक मिनिट, दोन, तीन, चार मिनिटांहून जास्त. मागे असलेला संघ खेळतच नाही, हे दृश्य प्रेक्षकांना झेपेना. ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम शालेय खेळात तेव्हा नव्हता. मन्सीचे खेळाडूही पुढे सरसावले नाहीत. आघाडी त्यांचीच होती. शेवटी ३०-३० अशी बरोबरी असताना, १८ सेकंद उरलेले, मायलनने टाइमआउट घेतला. बाकीचे चौघे एका बाजूला सरले आणि प्लम्पला वाट मोकळी झाली. तो उजवीकडे वळला, उडी मारली, साधारण पंधरा फुटांवरून चेंडू सोडला. ३२-३०.

दुसऱ्या दिवशी संघ गावी परतला तेव्हा मोटारींची रांग मैलोन्‌मैल लागली होती. त्या चिमुकल्या गावात चाळीस हजार माणसं लोटल्याचं सांगतात. पुढे १९८६मध्ये याच कथेवरून स्फूर्ती घेऊन ‘हूझिअर्स’ हा चित्रपट निघाला.

चित्रपटात न आलेली गोष्टही तितकीच मोठी आहे. अंतिम फेरीच्या आधी मायलनने हरवलेल्या संघांत इंडियानापोलिसची क्रिस्पस अटक्स ही शाळा होती. कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवण्यासाठी १९२७मध्ये काढलेली ही शाळा. १९४२पर्यंत तिला राज्यस्पर्धेत प्रवेशच नव्हता. तिच्या संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा कोवळा मुलगा होता. १९५५ आणि १९५६, दोन्ही वर्षं अटक्सने विजेतेपद मिळवलं. दार सगळ्यांना उघडं असण्याची खरी किंमत या शाळेला जास्त ठाऊक असणार.

१९५९च्या कायद्याने गावोगावच्या छोट्या शाळा एकमेकींत विलीन होऊ लागल्या. शाळेबरोबर गावाचा संघही गेला. १९९७मध्ये सर्वांची एकत्र स्पर्धा शेवटची झाली, तेव्हा शाळा चारशेच्याही आत उरल्या होत्या. त्यानंतर पटानुसार चार गट आणि दरवर्षी चार विजेते. या बदलाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत साठी ओलांडलेला प्लम्पही होता. लहान शाळांना जिंकायची संधी मिळावी, हा बदलामागचा हेतू चांगला होता. पण मोठ्यांना हरवण्याची संधी मात्र त्यात गेली.

मायलनच्या काळ्या रंगाच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे : स्टेट चॅम्प्स १९५४.