डेटाशीट की कंटिन्युअस फॉर्म? नोंदवहीचा पडद्यावरील प्रवास

१/ १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिजिकॅल्क’ने हिशेबाच्या वहीतील आडव्या-उभ्या रकान्यांना संगणकाच्या पडद्यावर स्थान दिले.

२/ १९९२ मध्ये आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस’ने नोंदी भरण्याचे दोन मार्ग दिले: डेटाशीट आणि कंटिन्युअस फॉर्म. दोन्हींत अनेक नोंदी एकाखाली एक दिसतात.

३/ डेटाशीटमध्ये रकाना रुंदावणे, सरकवणे, लपवणे हे भरणाऱ्याच्या हाती असते. सरावलेल्या कारकुनाला तीच सोयीची.

४/ कंटिन्युअस फॉर्मची मांडणी आखणारा ठरवतो: वर सूचना, खाली बेरीज, ओळीगणिक बटण. नवख्याला हाच आधार.

५/ निवड चुकली, लपवलेला रकाना कोराच राहिला, तर उद्याच्या इतिहासकारालाही तेथे काही सापडणार नाही.