जैवसक्रिय व्हिवेरियम (नाशिक रोड परिसर)

सरपटणारे प्राणी किंवा उभयचर ठेवण्यासाठी काचेच्या पेटीत जिवंत माती, झाडे आणि कुजलेले खाणारे किडे यांची घडी बसवून केलेला अधिवास. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला, तेव्हा त्या मातीत नेचा उगवला. काचेआड झाडे जगवण्याची पद्धत तिथून रूढ झाली.

पेटीचा खरा प्राण माती आहे. दमट पेटीत तळाला विटांच्या तुकड्यांचा चार-पाच सेंटिमीटर थर, त्यावर नायलॉनची जाळी आणि वर कोकोपीट, बारीक कोळसा व वाळका पालापाचोळा यांचे मिश्रण असते. नाशिक रोडची काळी माती इथे उपयोगाची नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळांना हवा मिळत नाही. द्राक्षबागेतली माती किंवा पाने तर आणूच नयेत. बोर्डो मिश्रणातले मोरचूद मातीत साचत जाते आणि त्यातले तांबे पेटीतल्या कुजलेले खाणाऱ्या किड्यांना मारक असते. फवारणी न झालेल्या देशी बदामाची किंवा सागाची पाने उत्तम. काळा पाषाण बिनधास्त वापरावा.

सफाईचे काम दोघांकडे असते. कुंडी उचलली की खाली दिसणारे करडे, बहुपायी आयसोपॉड पाने व विष्ठा कुरतडतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढरे स्प्रिंगटेल बुरशी खातात. विष्ठेतल्या पांढऱ्या भागात युरिक आम्ल असते. जिवाणू त्याचा अमोनिया, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट करतात आणि ते झाडे शोषतात. सुरुवातीच्या आठवड्यांत लाकडावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. नवखे घाबरून सगळी पेटी धुऊन काढतात. तसे करू नये, स्प्रिंगटेल वाढले की ती ओसरते. म्हणूनच प्राणी सोडण्याआधी पेटी महिनाभर तरी रिकामी चालवावी. एवढे करूनही मोठ्या प्राण्याची विष्ठा हाताने उचलावीच लागते.

इथला उन्हाळा 40 अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी होते; हिवाळ्यात पहाटे पारा 10 च्या खाली उतरतो. उन्हात ठेवलेली काचपेटी थोड्याच वेळात भट्टी होते. खिडकीच्या काचेतून यूव्ही-बी किरण जवळजवळ येत नाहीत, त्यामुळे दिवसा वावरणाऱ्या सरड्यांना डी3 जीवनसत्त्वासाठी वेगळा दिवा लागतो. बेडकांची त्वचा पाणी शोषते, म्हणून त्यांना नळाचे क्लोरीनयुक्त पाणी थेट देऊ नये.

कायद्याचा विचार पेटी घेण्याआधीच करावा. घोरपड, अजगर यांसारखे देशी वन्यजीव पकडणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. बॉल पायथन, हिरवा इग्वाना अशा साइट्स (CITES, वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतील परदेशी प्रजातींची नोंदणी 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार परिवेश 2.0 पोर्टलवर करावी लागते. ज्याला हे जमणार नाही त्याने फक्त झाडे आणि किडे असलेली पेटी करावी. तिच्यातही रोज पाहण्यासारखे पुष्कळ असते.

पेटी मोडताना माती व पाणी वालदेवी नदीच्या काठी किंवा बागेत टाकू नये. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या वस्तूंतून पसरते. माती कडक उन्हात पूर्ण वाळवावी, पाण्यात ब्लीच घालून मगच ते मोरीत सोडावे.