पटर, हलका (ज्येष्ठांच्या डिस्क गोल्फमधील)

डिस्क गोल्फमध्ये साखळ्यांच्या बास्केटजवळ आल्यावर शेवटची नेमकी फेक ज्या डिस्कने करतात ती पटर. तिचा काठ बोथट असतो, उड्डाण संथ असते आणि ती फार लांब जावी अशी अपेक्षाही नसते. तिचे वजन १७० ग्रॅमांच्या खाली आले की खेळाडू तिला हलकी म्हणतात. साठी ओलांडलेल्या माणसाला ‘आता हलकी घ्या’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की त्यामागचे गणित कुणी मांडत नाही. ते मांडले तर उत्तर बरेच मर्यादित निघते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात खेळणाऱ्या ज्येष्ठाने नेहमीच्या १७५ ग्रॅमांवरून दहा-बारा ग्रॅम खाली यावे, यास भक्कम कारण आहे. १५० किंवा त्याहून खाली उतरण्यास मात्र, काही ठरावीक दुखणी वगळता, तसे कारण नाही. तिथे खांद्याची जी बचत होईल असे वाटते ती जवळजवळ होतच नाही, आणि नेम बिघडतो.

खेळाचा इतिहास थोडक्यात असा. व्हॅम-ओ कंपनीत फ्रिसबीला आजचे रूप देणारे एड हेड्रिक यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले. साखळ्यांची बास्केटही त्यांचीच कल्पना, आणि १९७६ मध्ये पीडीजीए ही नियामक संघटना त्यांनीच उभी केली. (२००२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याच्या डिस्क ओतल्या गेल्या, इतकी निष्ठा प्रत्येकाने दाखवावी असे नाही.) पीडीजीएच्या नियमानुसार डिस्कचा व्यास किमान २१ सेंटीमीटर हवा आणि वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅमांहून जास्त नको. बहुतेक पटर २१.२ सेंटीमीटरच्या आसपास असल्याने त्यांची कमाल मर्यादा १७५-१७६ ग्रॅम येते. म्हणजे १७५ हा आकडा योग्यतेचा नव्हे, मर्यादेचा आहे. त्याखाली किती उतरावे याबद्दल नियम काही म्हणत नाही. अल्टिमेट फ्रिसबीची डिस्कही १७५ ग्रॅमांचीच असते, पण तिचा व्यास २७ सेंटीमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे अल्टिमेट खेळलेल्या हाताला तेवढ्याच वजनाचा पटर आटोपशीर आणि जड वाटतो. या पहिल्या स्पर्शावरून ‘मला हलकाच हवा’ असे ठरवू नये.

आता खांद्याकडे वळू. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे घटतात, ताकद त्याहून वेगाने उतरते आणि झटक्याने जोर काढण्याची क्षमता सर्वांत आधी जाते. साठीनंतर खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायुबंध विरलेले किंवा फाटलेले असणेही दुर्मीळ नाही. एचए, टेल्को किंवा आकुर्डीच्या बजाजसारख्या इथल्या कारखान्यांत तीस-पस्तीस वर्षे यंत्रावर उभे राहून निवृत्त झालेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण त्यावरून ‘डिस्क हलकी म्हणजे खांदा हलका’ असा निष्कर्ष निघत नाही, कारण खांद्याला डिस्क उचलायचीच नसते. त्याला हात उचलायचा असतो. ७० किलोच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा असतो आणि समोर ताणल्यावर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर येतो. डिस्क ७५ सेंटीमीटरवर असते. किलो-सेंटीमीटरच्या हिशेबात हाताचा भार १०५ आणि १७५ ग्रॅमांच्या डिस्कचा १३, मिळून ११८. डिस्क १५० ग्रॅमांची केली तर यातले दोनहून कमी वाचतात, म्हणजे जेमतेम दीड टक्का. ज्याचा खांदा दुखतो त्याचा खांदा या दीड टक्क्याने शांत होणार नाही. त्याला फेकींची संख्या कमी करावी लागेल, हात खांद्याच्या रेषेखाली ठेवावा लागेल, पायांचा जोर अधिक वापरावा लागेल. वजन हा त्याच्या दुखण्यावरचा सर्वांत दुबळा उपाय आहे.

मनगटाचा हिशेब मात्र वेगळा लागतो. पंजा स्वतः चारशे ग्रॅमांच्या आसपास असतो, त्याचा मध्य मनगटापासून जवळ असतो आणि डिस्कचा मध्य त्याच्या दुपटीहून दूर असतो. इथे पंचवीस ग्रॅम कमी केले तर भार सात टक्क्यांच्या घरात उतरतो, म्हणजे खांद्याच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या किंवा पकड सुटत चाललेल्या खेळाडूला हलका पटर खरोखर दिलासा देतो. फेकण्याच्या पद्धतीचाही इथे संबंध येतो. काही जण गुडघ्यातून दाब घेऊन डिस्क पुढे ढकलतात, काही जण मनगटाच्या झटक्याने तिला फिरकी देतात. गुडघे कुरकुरू लागले की ज्येष्ठ खेळाडू नकळत दुसऱ्या पद्धतीकडे झुकतो आणि सगळा ताण मनगटावर घेतो. शिवाय बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरून दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, असा नियमच आहे. त्यामुळे अंगाचा झोक देऊन कमी जोर भरून काढण्याची वाटही तिथे बंद होते.

यावर मैदानी खेळांतून एक वजनदार आक्षेप येतो. ज्येष्ठांच्या ॲथलेटिक्समध्ये पुरुषांची थाळी पन्नाशीपर्यंत २ किलोची असते, ५० ते ५९ या वयात दीड किलोची आणि साठीनंतर १ किलोची. तिथे वजन थेट निम्म्यावर आणतात, मग इथे दहा ग्रॅमांची कंजुषी कशाला? फरक प्रमाणाचा आहे आणि हेतूचाही. दोन किलोची थाळी साडेतीन किलोच्या हातापुढे निम्म्याहून जड भरते. पटर हाताच्या पाच टक्के असतो. थाळीफेकीत मोजायचे असते अंतर आणि हलकी थाळी ते अंतर सन्मानाचे ठेवते. पटरकडून अंतर मागायचेच नसते. पीडीजीए ४० पासून ८० वर्षांपर्यंत वयोगट पाडते, पण एकाही वयोगटाला वेगळ्या वजनाची डिस्क लावत नाही, हे त्यामुळे सयुक्तिक ठरते.

मग दहा-बारा ग्रॅम तरी का उतरायचे? त्याचे कारण खेळाडूच्या वयात नाही, या पठाराच्या उंचीत आहे, आणि डिस्कबद्दलच्या बहुतेक सल्ल्यांत ते येत नाही. डिस्कचे उड्डाण हवेची घनता आणि डिस्कचे वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे, चाकण त्याहूनही थोडे वर. तापमान सारखे धरले तर इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सहा टक्क्यांहून थोडी अधिक विरळ असते, म्हणून तीच डिस्क इथे लवकर खाली बसते. १७५ मधून तेवढा हिस्सा वजा केला की १६४ उरतात. मुंबईच्या किनाऱ्यावर १७५ ग्रॅमांचा पटर जसा तरंगतो, तसा निगडीच्या मैदानावर १६४-१६५ ग्रॅमांचा तरंगेल. तरुण खेळाडू हा फरक थोडा वेग वाढवून सहज भरून काढतो. ज्याचा झटका उतरला आहे त्याला ते जमत नाही. इथल्या ज्येष्ठाने १६२ ते १६६ च्या पट्ट्यात पटर शोधावा, तो याच हिशेबाने.

त्याखाली गेल्यावर वारा आडवा येतो. समान वाऱ्यात १५० ग्रॅमांचा पटर १७५ च्या तुलनेत सहाव्या हिश्श्याने जास्त ढकलला जातो आणि फिरकीचा तोल धरण्याची त्याची शक्तीही सातव्या हिश्श्याने कमी असते. हलकी डिस्क तेवढ्याच श्रमात अधिक फिरवता येते, असा युक्तिवाद करता येईल आणि तो अंशतः खरा आहे. पण वयाबरोबर आधी जातो तो मनगटाचा झटकाच, त्यामुळे ही भरपाई अपुरी पडते. निर्णय इथे ऋतूवरही सोपवावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी हवा बऱ्याचदा स्थिर असते, आणि ज्येष्ठ मंडळी मैदानात असतात तीही याच वेळी. अशा हवेत १५५ ग्रॅमांचा पटरही निमूट वागतो. जूनमध्ये पश्चिमेकडून घाटावर चढणारा वारा सुरू झाला की चित्र उलटते. निगडीच्या दुर्गाटेकडीसारख्या उघड्या उंचवट्यावर त्या वाऱ्यात हलका पटर फेकणे म्हणजे नेम वाऱ्याच्या हवाली करणे. नामवंत खेळाडू १७३ ते १७५ च्या आसपासच राहतात, यामागे वारा हे एक मोठे कारण आहे. त्यांचे अनुकरण करू नये ते एवढ्याचसाठी की त्यांच्याकडे फेकीचा वेग शिल्लक असतो.

हलकेपणा येतो कुठून, हे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वावरलेल्या वाचकाला इतर कुणापेक्षा लवकर कळेल. डिस्क इंजेक्शन मोल्डिंगने बनते, आणि एका मोल्डमध्ये पोकळी एकाच मापाची असते. म्हणजे त्याच मोल्डमधून १७५ आणि १५० ग्रॅम अशा दोन डिस्क निघाल्या, तर मालाची घनता चौदा टक्क्यांनी बदलली असली पाहिजे. एकतर दाणाच हलका वापरला किंवा वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये बारीक बुडबुडे सोडले. इनोव्हाचे ब्लिझार्ड आणि लॅटिट्यूड ६४ चे ऑप्टो एअर ही प्लॅस्टिके बुडबुड्यांचीच आहेत. दाणा बदलला की कडकपणा बदलतो, थंड होताना आकसणेही बदलते, आणि घुमटाची उंची किंवा काठाची ठेवण थोडी सरकू शकते. त्यामुळे ‘तोच पटर, फक्त हलका’ असे आश्वासन कारखान्याच्या दृष्टीने तितकेसे खरे नसते. ज्येष्ठाच्या हाताला बोटांत बसणारी काठाची खोली आणि प्लॅस्टिकची पकड वजनाइतकीच, बहुधा वजनापेक्षा जास्त, जाणवते. खोल काठ बोटांना आधार देतो, पण जाड आणि खोल काठ आखूड बोटांना ताणतो. गुळगुळीत, कडक प्लॅस्टिक टिकते खरे, पण घामेजल्या हातात ते धरून ठेवायला जास्त दाब द्यावा लागतो, आणि हा दाब मनगटाला पंचवीस ग्रॅमांहून महाग पडतो. थोडे मऊ, खरबरीत, स्वस्त श्रेणीचे प्लॅस्टिक झिजते लवकर, पण ज्येष्ठासाठी तेच बरे. वजनाचा हिस्सा काठाकडे ठेवणारी, दोन प्लॅस्टिके एकमेकांवर ओतलेली एमव्हीपीसारखी बनावटही विचारात घ्यावी. तिच्यात एकूण वजन थोडे उतरले तरी फिरकीचा तोल बराचसा राखला जातो. दोन शॉटांत सुटे भाग ओतणाऱ्या कारागिराला ही युक्ती नवी वाटणार नाही.

हलका पटर साखळ्यांवर आदळून बाहेर उडतो, अशी एक तक्रार नेहमी ऐकू येते. साखळ्या हलवायला गती आणि वजन दोन्ही लागतात, हे बरोबर. पण १७५ ऐवजी १६५ मध्ये हा फरक सहा टक्क्यांपेक्षाही कमी आहे, आणि बास्केटच्या खांबापासून किती बाजूला लागले यावरून पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. १५० च्या खाली ही तक्रार रास्त ठरू लागते. उलट बाजूने, हलक्या डिस्कच्या आघातात ऊर्जा कमी असते. जपानमध्ये १५० ग्रॅम वर्गाच्या डिस्कची प्रथा सुरक्षिततेच्या विचारातून रुजली. आपल्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांनी भरलेल्या उद्यानांत हा मुद्दा वजनदार आहे, पण त्याचे खरे उत्तर जागा मोकळी असेल तेव्हाच फेकणे हे आहे.

सरावात मात्र एक बारकावा हलक्याच्या बाजूने जातो, आणि तो खांद्याच्या हिशेबापेक्षा खरा आहे. सराव करताना खेळाडू आठ-दहा पटर दुसऱ्या हातात धरून एकेक फेकतो. दहा पटर १७५ चे असतील तर त्या हातात पावणेदोन किलो असतात. १५० चे असतील तर दीड किलो. हा जादा पाव किलो मिनिटभर बोटांच्या चिमटीत धरायचा असतो आणि संधिवाताची बोटे तो नक्की मोजतात. पण उपाय वजन उतरवणे नव्हे, पाचच पटर घेणे हा आहे. दहा वेळा कमरेत वाकून ते उचलण्याचा त्रासही त्याने अर्धा होतो.

खरेदी करताना डिस्कच्या पोटाशी लिहिलेला किंवा चिकटवलेला आकडा वाचावा, पण घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ती एकदा तोलावी, कारण एक-दोन ग्रॅमांची तफावत निघते. एकाच साच्याचे, एकाच प्लॅस्टिकचे दोन पटर घेणे सर्वांत शहाणपणाचे : १६४ च्या आसपासचा एक हिवाळी सकाळींसाठी, आणि १७२ च्या आसपासचा दुसरा जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यासाठी. दोन्हींचा काठ आणि घुमट हाताला सारखे लागतात की नाही, हे आकडे वाचण्याच्या आधी डोळे मिटून धरून पाहावे. सारखे लागत नसतील तर त्यातला हाताला बसणारा एकच ठेवून वर्षभर चालवावा.